अकरा चादरी

मंगळवार, ४ मार्च
एकाच सकाळी दोन परीक्षणं! पेपरातला एक समीक्षक म्हणतो— 'वडिलांच्या आजारपणाचा बाजार.' दुसरा म्हणतो— 'निर्भीड, अजोड.' दोघंही उद्घाटनाला अर्धा तास होते, त्यातली वीस मिनिटं चहाच्या टेबलापाशी. बाबा दोन वर्षं अंथरुणाला खिळून होते, गेल्या जूनमध्ये गेले. त्यांच्या डाग पडलेल्या अकरा चादरी मी गॅलरीच्या भिंतींवर लावल्या. बस्स, एवढंच केलंय. त्यावर माझ्यापेक्षा या दोघांनाच जास्त बोलायचंय.

बुधवार, ५ मार्च
दादाचा फोन. "बाबांची अब्रू चव्हाट्यावर टांगलीस! रविवारपर्यंत उतरव, नाहीतर माझ्या दारात पाऊल ठेवू नकोस."
बघितलंस तरी का, म्हटलं. "बघायचंय काय त्यात? पेपरात वाचलंय." डोकंच फिरलं!
आई काय म्हणते? तर— "ती बोलतच नाही."
तिच्या कपाटात मागे कोंबलेलं या चादरींचं गाठोडं मी न विचारता उचललं होतं. तेच सलतंय.

गुरुवार, ६ मार्च
तोबा गर्दी. गॅलरीचा मालक खुशीत— "भांडू द्या हो त्यांना!" लोक बाजू ठरवूनच येतात. शिव्या घालणारे फोटो काढतात, वाहवा करणारेही फोटोच काढतात. चादर कुणी बघत नाही.

शुक्रवार, ७ मार्च
आज एक बाई पाऊण तास उभ्या होत्या. हॉस्पिटलात आयाचं काम करतात. म्हणाल्या, "बावीस वर्षं असले डाग धुतेय. कुणाला सांगायची सोय नसते हो." पेपरातलं भांडण वाचून आल्या होत्या. म्हणजे ते अगदीच फुकट गेलं नाही म्हणायचं! तरी त्या दोघांवरचा राग काही जात नाही.

शनिवार, ८ मार्च
काहीच ठरत नाही. उतरवलं तर पहिला जिंकला, ठेवलं तर दुसरा. आणि आई? तिला विचारायला मला तोंड नाही.

रविवार, ९ मार्च
आई आली. एकटीच. एकेका चादरीपुढे थांबत गेली. नववीपाशी थबकली— एकाने 'किळसवाणी' आणि दुसऱ्याने 'सर्वोत्तम' ठरवलेली तीच.
"ही ह्यांची नाही गं. माझी आहे. सहा महिने झाले, रात्री उठेपर्यंत लघवीच धरवत नाही. तुम्हाला सांगायची लाज वाटत होती."
मी चादर काढायला धावले.
"राहू दे," म्हणाली. "उद्या मला डॉक्टरकडे ने."