हिरवं पातळ

चिंचवड, ९ डिसेंबर १९७६

ती. सौ. आईस, शालनचा नमस्कार. इथूनच पाया पडते.

सयाजीमामांनी डिंकाचे लाडू आणि हिरवं पातळ पोचवलं. मागच्या खेपेला मला बघून गेल्यावर "शालन भरली" एवढंच ते तुला म्हणाले आणि तू डोहाळजेवणाला लागलीस! आई, तसं काही नाही. थायरॉइडचं दुखणं गोळ्यांनी उतरतंय, म्हणून अंग धरलंय.

पूर्वी चार भाकऱ्या खाऊनही हाडं दिसत. दुखणं उतरलं, तरी चार वाढून घ्यायची हाताची सवय जाईना. आता दोनच घेते. उपासाला साबुदाणा बंद, भगर खाते. मोरयाच्या दर्शनाला पायी जाते.

शेजारच्या सुभद्राबाई म्हणाल्या, "गोळ्या टाक, बारीक होशील." मी म्हटलं, "बारीक होते तेव्हा जिना चढवत नव्हता. गोळी सोडणार नाही."

डॉक्टर म्हणतात, औषध पुरं होईपर्यंत मूल नको. यांनाही पटलंय. तुझ्या नवसाला देव थांबेल. तू थांबशील ना? बाबांचा खोकला कसा आहे?

लाडू सुभद्राबाईंच्या बाळंतीण सुनेला दिले. पातळ मात्र परत करणार नाही. पोलक्याची शिवण उसवून सैल केलीय. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तेच नेसणार. कुणी पोटाकडे बघून विचारलंच, तर सांगेन, मी बरी झाले म्हणून आईने पाठवलंय.

तुझीच,
शालन