स्वस्तातल्या टीव्हीबद्दल

प्रिय ठमे,

वर्षाच्या पैशात जन्मभर सगळे चॅनेल, ही इंटरनेट टीव्हीची ऑफर घेऊ का, असं तू विचारलंस. तीस वर्षं लोकांचे टीव्ही दुरुस्त करतोय, तेव्हा सल्ला फुकट. आधी एकच महिना घे. ऐन सामन्याच्या वेळी चित्र अडकतं का, बघ. विकणाऱ्याचा पत्ता माग. नुसता मोबाइल नंबर मिळाला तर नाद सोड. इतक्या स्वस्तात देणाऱ्याला ते चॅनेल विकायचा मुळात हक्क आहे का, हेही विचार. आणि 'जन्मभर' हा शब्द दिसला की पाकीट खिशातच ठेव.

मला हे शहाणपण उशिरा आलं. गेल्या वर्षी आईसाठी मी तसलीच ऑफर घेतली. केबलवाल्याशी भांडून त्याची तार काढून टाकली, गल्लीभर मिरवलो. नऊ आठवडे छान चाललं. तिची संध्याकाळची मालिका, ती संपली की तुझा फोन, मग त्या खाष्ट सासूवर तुम्हा दोघींचं तोंडसुख. एक दिवस पडदा काळा झाला. विकणारा रोज लिहायचा, दोन दिवसांत सुरू होईल. पुढे तेही बंद झालं. केबलवाल्याकडे परत जायला मला तोंड नव्हतं. टीव्ही मेकॅनिकच फसला म्हटल्यावर दुकानात कोण आलं असतं? आईला म्हटलं, ठमीला कळू देऊ नकोस, हसेल मला.

आईने माझी लाज राखली. पण खोटं बोलणं तिला कधी जमलं नाही. आज मालिकेत काय झालं ते बघितलंस का, असं तू विचारलंस की तिची पंचाईत व्हायची. म्हणून दोन वाक्यांत फोन ठेवायची, पुढे तर घेईनाशीच झाली. वाजून थांबला की तो हातात धरून बसायची. मला दिसत होतं गं. मी आज-उद्या करत राहिलो आणि टीव्ही बंद पडल्यापासून सहाव्या आठवड्यात ती झोपेतच गेली.

तिच्या साड्या आवरताना तू म्हणालीस, मी दूर राहायला गेले ते आईने शेवटपर्यंत मनात धरलं. मी समोरच होतो आणि गप्प बसलो. वर्ष झालं, अजून ते गिळता येत नाही. आई तुझ्यावर एक दिवसही रागावली नव्हती, ठमे. ती मला सांभाळत होती.

माफ नाही केलंस तरी तुझाच,
दादा