टाळ तिच्याच हातात

बुवा, परवा गुरुपौर्णिमा झाली. आपली जोगेश्वरीची चाळ पाडून तिथे टॉवर उभा राहिला, पण भजनी मंडळ अजून टिकून आहे. भजन आता सोसायटीच्या हॉलमध्ये होतं, एसी लावून. मी बोरिवलीहून येते, पेटी वाजवते, उसळ खाते आणि परत जाते. पन्नाशी उलटली, तरी भजन सुरू व्हायच्या आधी माझी नजर अजून टाळांकडेच जाते. कारण तुमचे टाळ हातात घेऊन गुरूची प्रार्थना अजूनही तीच म्हणते.

ती म्हणजे चेंबूरवाली. चेंबूरहून लग्न होऊन चाळीत आली, म्हणून मी मनात तिला याच नावाने ओळखते. तोंडावर वहिनी म्हणते. मी तुमच्याकडे फ्रॉकमध्ये असल्यापासून शिकत होते. ती आली, दारात बसली, आणि वर्षभरात तुम्ही तिला पुढे बोलावलंत. दर गुरुवारी तुम्ही मरोळच्या कारखान्यातून यायचात, कोपरापर्यंत साबण लावून हात धुवायचात, तुमच्या गुरूंच्या फोटोपुढे दिवा लावायचात. मग भजनाआधीची ती प्रार्थना. मी अजाण आहे, माझं असं काही नाही, जे आहे ते तुझ्या पायांचं, एवढंच तिच्यात आहे. जो प्रार्थना म्हणणार त्याच्या हातात तुम्ही स्वतःचे टाळ द्यायचात आणि उठून पार मागे, सगळ्यांच्या चपलांजवळ जाऊन बसायचात. त्या वेळी गुरू फक्त फोटोतले, मी कोणी नाही, असं म्हणायचात. मला ते टाळ हवे होते. दुसरं काही मला आयुष्यात इतकं हवं होतं असं वाटत नाही. आणि ते जायचे तिच्या हातात, जिला वरचा सूर लागायचाच नाही. मी पेटीवर तिच्यासाठी सूर धरून ठेवायचे आणि ती बिनघोर त्याच्या खालून निघून जायची.

एकदा काकी तुमच्या स्वयंपाकघरात चण्याची उसळ ढवळत होत्या आणि तुम्ही पाणी प्यायला आलात, तेव्हा मी धीर करून विचारलंच. माझा सूर तिच्यापेक्षा बरा नाही का, बुवा? तुम्ही तांब्या खाली ठेवलात. "तुझाच बरा. त्यात काय विचारायचं? पण तू 'माझं काही नाही' म्हणतेस ना, तेव्हा लोक वा म्हणतात. ती म्हणते तेव्हा कोणी वा म्हणत नाही, गपचूप हात जोडतात." मग मी काय करू, असं विचारलं तर म्हणालात, "पेटीवर बस."

मग ती बाळंतपणाला माहेरी गेली आणि एका गुरुवारी टाळ माझ्याकडे आले. मी काय केलं ते तुम्हाला ठाऊक आहे. मी मुद्दाम वाईट म्हटलं. वरच्या जागी सूर पाडला, मधेच अडखळले, मान खाली घालून आवाज कापरा केला. कोणी वा म्हटलं नाही. मला वाटलं, जिंकले. भजन संपल्यावर तुम्ही मला आत बोलावता. रागावलात की तुमची मालवणी वर येते. "घसो बसलो काय गो?" मी म्हणते, नाही बुवा. "मग नाटक कित्याक करतंस? इतकी वर्सां तुका शिकवलंय ता ह्येच्यासाठी?" काकींचा हात ढवळता ढवळता थांबतो. मी रडायला लागते, आणि तुम्ही म्हणता, परत म्हण. उसळीच्या वाफेत उभं राहून मी म्हणते. सुरात म्हण. परत म्हण. तू किती लीन आहेस ते दाखवू नकोस, सूर लाव, पुढचं तो बघेल. बाहेर सगळे बसलेले होते आणि पडदा तेवढा आड होता. मला त्यातला अपमानच तेवढा ऐकू आला. ती बाळाला घेऊन परत आली आणि टाळ पुन्हा तिच्याकडे गेले.

जग सोडून जाताना पेटी तुम्ही मला दिलीत, टाळ तिला. चाळ म्हणाली, नशीबवान पोरगी. मी पेटी घरी आणली आणि टाळांसाठी रडले.

आता परवाचं. तिचे गुडघे गेलेत, ती खुर्चीवर बसते. सुरू व्हायच्या आधी तिने मला बाजूला बोलावलं. "ए, ह्या वर्षी तू म्हण ना. माझ्या आवाजाची पार वाट लागलीय." मी जरा तिखटपणेच म्हटलं, बुवांनी तुम्हाला दिलंय ना, वहिनी. तर ती म्हणाली, "दिलं गं. पण मला कधी ओरडले का? तुला आत नेऊन झापायचे, परत म्हण, परत म्हण. मी बाहेर बसून ऐकायचे. मी बेसूर आहे हे मला काय कळत नव्हतं? एकदा तरी म्हणायचं होतं, चुकलीस म्हणून. शिकवलं तुला, मला नुसतं बसवलं. एवढा राग यायचा ना तुझा."

बुवा, मला आनंद झाला. तिची दया यायला हवी होती, पण नाही आली; उकळ्या फुटल्या. इतकी वर्षं मी जिच्यावर जळले ती माझ्यावर जळत होती. तिने टाळ पुढे केले. लहानपणापासून हवे होते ते, हातभर अंतरावर. मी हात जोडले आणि म्हटलं, "नाही वहिनी, तुम्हीच म्हणा. मी पेटीवर बरी." सेक्रेटरी जवळच उभे होते, ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "बघा, याला म्हणतात लीनता." एका बाईने आपल्या मुलीला माझ्या पाया पडायला लावलं. मग चेंबूरवाली तिच्या फाटक्या आवाजात प्रार्थना म्हणाली, लोकांनी गपचूप हात जोडले, आणि मी सूर धरून ठेवला.

ती लीनता नव्हती. तुम्ही तिला न शिकवता जिथे बसवलंत, तिथेच तिने शेवटपर्यंत बसावं, एवढंच माझ्या मनात होतं. शिकलेली मी एकटी.

हे पत्र तुमच्या फोटोमागे ठेवणार होते. पण फोटो हॉलमध्ये असतो आणि हॉलची किल्लीही तिच्याचकडे. उद्या फाडून टाकेन. खरं सांगू? तुम्ही ओरडाल म्हणून लिहिलं. आता मला कोणी ओरडत नाही.