बटणचं पाणी

कर्वेनगर, पुणे
१९ जानेवारी २०२५

तीर्थरूप दादास,
सविनय जयभीम. वि. वि.

शालूवहिनी सांगत होती की तू आताशा मोबाइल हातातही घेत नाहीस. बोलता येत नाही तर फोन कशाला, असं पाटीवर लिहून दाखवलंस म्हणे. ठीक आहे, मी पत्र लिहिते. ऑपरेशनमध्ये तुझा आवाज गेला, अक्षर शाबूत आहे. तेव्हा उत्तर यायला हवं.

दीक्षा नेदरलँड्सला सुखरूप पोचली. विमानतळावर खूप रडली, पण माझ्यासाठी नव्हे, कासवासाठी. पाचवीत असताना तिने ते आणलं तेव्हा कोटाच्या बटणाएवढं होतं, म्हणून नाव बटण. आता तो जेवणाच्या ताटलीएवढा झालाय आणि माझ्या बाहेरच्या खोलीत, खिडकीशेजारच्या काचेच्या टाकीत मुक्कामाला आहे. घरात तो आणि मी.

दादा, मला ते पाणी जमत नाहीये. तुला माहीत आहे, मी तीस वर्षं ऑपरेशन थिएटरची सिस्टर होते. स्वच्छता मला कोणी शिकवायला नको. एक दिवसाआड टाकी पूर्ण रिकामी करते, काच घासते, गोटे मिठाने चोळते, फिल्टरचा स्पंज गरम पाण्यात पांढरा होईपर्यंत पिळते. तरी दुसऱ्या दिवशी पाणी पेजेसारखं होतं आणि वास जिन्यापर्यंत जातो. समोरच्या सुशीलाबाईंनी परवा अगदी नम्रपणे विचारलं की आपल्याकडे ड्रेनेजचं काही काम निघालं आहे का. मग म्हणाल्या की नदीत सोडून द्या ना. दीक्षाने तर बजावून ठेवलंय की हे परदेशी जातीचं कासव, नदीत सोडलं तर इथल्या कासवांच्या तोंडचं खाईल, तसलं काही मनातही आणू नकोस.

त्याचे डोळे सुजलेत. दिवसभर मिटून बसतो. मुलीने विश्वासाने दिलेला जीव माझ्या हातून जाईल की काय, अशी भीती वाटते. पाणीपुरवठ्यात नोकरी काढलेला माणूस माझ्या माहितीत एकच आहे. लवकर लिही.

लोभ आटू देऊ नकोस.
तुझी,
राधा


नागपूर
२८ जानेवारी २०२५

चि. राधास,
सप्रेम जयभीम. वि. वि.

पत्र मिळालं. तू फार धुतेस.

कासव पाण्यातच खातं आणि पाण्यातच घाण करतं. त्या घाणीतून अमोनिया होतो, तोच त्याच्या डोळ्यांना झोंबतो आहे. हा अमोनिया खाणारे अतिसूक्ष्म जंतू असतात. ते त्याचं आधी एक विष करतात, मग दुसरे जंतू त्या विषाचं जवळजवळ निरुपद्रवी असं काहीतरी करतात. हे सगळे कामकरी स्पंजमध्ये राहतात. स्पंजवर जो बुळबुळीत तपकिरी थर येतो ना, तो मळ नव्हे, ती त्यांची वस्ती. एक दिवसाआड तू ती गरम पाण्याने उठवते आहेस. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन उरलेल्यांना संपवतं. मी स्वतःच ते आयुष्यभर पाण्यात घातलं, त्याचा गुण मला ठाऊक आहे.

आता असं कर. ज्याची टाकी वर्षानुवर्षं नीट चालली आहे अशा माणसाकडून वापरलेल्या स्पंजचा एक तुकडा माग आणि तुझ्या फिल्टरमध्ये घाल. विरजण समज. नळाचं पाणी क्लोरीन मारणारे थेंब घालून मगच वापर. आठवड्याला पाव टाकी पाणी बदल, जास्त नाही. स्पंज फार भरला तर टाकीतूनच काढलेल्या पाण्यात हलकेच पीळ. त्याला जेवायला वेगळ्या टबात घाल. बाकी हात बांधून बस. तेच तुला अवघड जाईल.

माझं ठीक. गळ्याला भोक आहे, त्यातून श्वास घेतो. त्यावर कापड बांधतो. लोक बघतात, म्हणून बाहेर जात नाही. रविवारी विहारात वंदना मी सांगत असे, आता दुसरा कोणी सांगतो. पाण्यात उतरायला कायमची मनाई आहे. भोकातून पाणी थेट फुप्फुसात जाईल. एवढंच.

माया असू दे.
भीमराव


कर्वेनगर, पुणे
२३ फेब्रुवारी २०२५

तीर्थरूप दादास,
सविनय जयभीम. वि. वि.

तू सांगितलंस ते सगळं केलं. विरजणासाठी नारायण पेठेत एका माशांच्या दुकानात गेले. वापरलेला, घाणेरडा स्पंज हवाय म्हटल्यावर दुकानदाराने चष्म्यावरून पाहिलं आणि आमच्याकडे चांगलेही मिळतात अशी माहिती दिली. कारण सांगितल्यावर मात्र आत गेला, स्वतःच्या जुन्या टाकीतला तुकडा कापून पिशवीत पाण्यासकट घालून दिला, आणि घरी पोचेपर्यंत वाळू देऊ नका, म्हणाला. रिक्षात मी ती पिशवी रक्ताच्या बाटलीसारखी धरून बसले होते.

पुढचे दिवस वाईट गेले. पाणी तसंच. स्पंजवर थर चढत होता आणि मी हात मागे घेत होते. एकदा तर बेसिनपर्यंत नेऊन परत आणला. थेंब घालून पाणी तपासायचा संच दुकानदारानेच दिला होता. नळी रोज गर्द हिरवी व्हायची, म्हणजे अमोनिया. मग ती हळूहळू फिकी होत पिवळी झाली.

आणि गुरुवारी सकाळी मी खिडकीचा पडदा सरकवला, तर टाकीत पाणीच नव्हतं. मला खरोखरच तसं वाटलं, दादा. कोणीतरी पाणी काढून घेतलंय आणि बटण अधांतरी तरंगतोय. चारी पाय पसरून, हलत नव्हता. त्याची सावली खाली गोट्यांवर पडली होती. मग त्याने एक पाय मागे लोटला आणि उजेड सगळ्या भिंतीवर हलला, तेव्हा कळलं की पाणी आहे. कानामागचा तांबडा पट्टा, मानेवरच्या पिवळ्या रेघा मी इतक्या वर्षांत पहिल्यांदा नीट पाहिल्या. डोळे उघडे होते. तो माझ्याकडे बघत होता.

सुशीलाबाई वास गेल्याचं सांगायला आल्या आणि चहा निवेपर्यंत टाकीसमोरून हलल्याच नाहीत. त्यांचं हे मी प्रथमच पाहिलं.

तीस वर्षं मी जंतू मारत आले. हात कोपरापर्यंत घासायचे, हत्यारं उकळायची, जिवंत काही उरता कामा नये. आणि आता माझ्याच घरात जे दिसतसुद्धा नाही ते रात्रंदिवस राबतंय. त्या मळकट स्पंजाला मी येता-जाता नमस्कार करायचा तेवढा बाकी ठेवलाय.

पण एक नवीन काळजी. चार दिवस बटण काही खात नाही. काचेवर नखं मारतो, टाकीबाहेर चढायला बघतो. पाण्यात अजून काही दोष आहे का? थेंब तर सगळे ठीक सांगतात.

वहिनीला जयभीम. लोभ आहेच, त्याला गाळणी लावू नकोस.
तुझी,
राधा


नागपूर
४ मार्च २०२५

चि. राधास,
सप्रेम जयभीम. वि. वि.

थेंब ठीक सांगत असतील तर पाण्याला दोष देऊ नकोस. प्राण्यांच्या डॉक्टरकडे जा, कासवं बघणाऱ्या. उद्याच जा.

तुझं ते सकाळचं वर्णन मी शालूला दोनदा वाचायला दिलं. मग मला आमचं जुनं जलशुद्धीकरण केंद्र आठवलं. नोकरीच्या सुरुवातीला मी एका लहान गावी होतो, तिथे पाणी वाळूतून गाळायचे. मोठा हौद, त्यात वाळू, वरून नदीचं पाणी सोडायचं, खालून पिण्याजोगं निघायचं. मला वाटे, वाळू गाळते. आमच्या साहेबांनी एकदा हौद रिकामा असताना मला आत उतरवलं आणि वाळूवरची बोटभर साय दाखवली. तपकिरी, ओली, सायच म्हणायची. साहेब म्हणाले की गावाला पाणी पाजते ती ही, वाळू फक्त हिला मांडी देते.

निवृत्तीला मंडळींनी प्रयोगशाळेतला जुना सूक्ष्मदर्शक मला दिला होता. तो माळ्यावर होता. परवा काढला. पण बघायला पाणी हवं, म्हणून गळ्याला कापड बांधून फुटाळा तलावावर गेलो. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच एवढा लांब गेलो. लोकांनी पाहिलं. मीही त्यांच्याकडे पाहिलं. बाटलीत शेवाळाचा एक झुपका घेऊन आलो.

राधे, एका थेंबात काय होतं म्हणून सांगू. पेल्याच्या आकाराचा एक काचेसारखा जीव, तोंडाशी दोन चक्रं गरगर फिरताहेत असं वाटावं. खरं म्हणजे ते केस असतात, ते हलवून तो भोवतीची घाण आत ओढतो. त्याच्या अंगातून आरपार दिसतं; आत जबडे चावत असलेले दिसतात. शेजारून चपलेच्या आकाराचा एक जीव लगबगीने गेला, कुठे पोचायचं होतं कोण जाणे. कितीतरी वेळ मी नळीवरून डोळा काढला नाही. मग टाळ्या वाजवून शालूला बोलावलं. तिने डोळा लावला आणि तिकडे दूध उतू गेलं. आमच्या घरात आता न बोलणारे आम्ही दोघे.

मी पस्तीस वर्षं पाण्यातलं काय काय मोजलं. बघितलं फार थोडं.

डॉक्टर काय म्हणाले ते ताबडतोब कळव. लोभ चालू ठेव.
भीमराव


कर्वेनगर, पुणे
८ मार्च २०२५

तीर्थरूप दादास,
सविनय जयभीम. वि. वि.

पोस्टाने उशीर होईल म्हणून या पत्राचा फोटो वहिनीच्या मोबाइलवर पाठवते आहे.

डॉक्टर कल्याणी म्हणून एक तरुण मुलगी आहे, कासवं बघते. तिने बटणचा एक्स-रे काढला. मी आयुष्यात हजारो एक्स-रे पाहिले असतील. हा प्रकाशावर धरला आणि पुन्हा नीट पाहिला. कवचाच्या आत, हाडांच्या मधे, एकमेकांना टेकलेली लांबट पांढरी अंडी. पोटभर. म्हणजे आपण ज्याला चौदा वर्षं तो म्हणतोय, ती आहे.

जोडीदाराशिवायही मादी अंडी धरते, त्यांतून पिल्लं निघत नाहीत, असं डॉक्टर म्हणाली. पण ती अंडी बाहेर यायलाच हवीत. अडकली तर आत फुटतात, कुजतात, आणि मग ती वाचत नाही. कासवीण पाण्यात अंडी घालत नाही, तिला माती लागते. काच खरवडत होती ती त्यासाठी. तीन-चार दिवस वाट बघू, मग इंजेक्शन, नाहीतर ऑपरेशन, असं ठरलंय. ऑपरेशन हा शब्द ऐकून मला घाम फुटला. मला.

मोठ्या टबात ओली माती आणि वाळू भरून दिली आहे, वर दिवा लावलाय. ती कोपऱ्यात दोनदा उकरते आणि थांबते. मी सारखी डोकावते. तिच्याकडे बघवत नाही आणि बघितल्याशिवाय राहवत नाही. दीक्षाला अजून सांगितलेलं नाही, तिची परीक्षा आहे.

तू येशील का? काही बोलायला नको. शेजारी बस फक्त.

तुझी,
राधा


कर्वेनगर, पुणे
१३ मार्च २०२५

चि. दीक्षास,
सप्रेम जयभीम आणि अनेक आशीर्वाद.

तुझी परीक्षा काल संपली असं तुझी आई म्हणाली, म्हणून आज लिहितो. पत्र मी लिहावं असं तिनेच ठरवलं, कारण जे झालं ते मी सुरुवातीपासून पाहिलं. घाबरू नकोस, बटण सुखरूप आहे. ती मुलगी आहे. मधलं सगळं आई फोनवर सांगेल. मी परवाचं सांगतो.

मी नागपूरहून गाडीने आलो तेव्हा राधा त्या टबापाशी स्टूल टाकून बसली होती. दर थोड्या वेळाने वाकून बघायची, आणि ती वाकली की बटण पाय आखडून घ्यायची. मी पाटीवर लिहिलं की अशा वेळी कोणी असं बघत राहिलेलं तुला तरी चाललं असतं का. माझ्या बहिणीने पाटी वाचली, माझ्याकडे रागाने पाहिलं, आणि उठून टबाभोवती जुनी साडी बांधली. मग ती स्वयंपाकघरात गेली, आणि डबे पुसायला काढले. सगळे स्वच्छच होते. मी साडीच्या एका फटीपाशी भिंतीला टेकून बसलो. माझा श्वास गळ्यातून येतो, त्याचा आवाज होतो. तो होऊ नये म्हणून मी कापडावर हात धरला होता.

दुपार उतरत होती. बटण बराच वेळ मातीवर नुसती फिरली, नाक टेकवत. मग एका जागी थांबली आणि मागच्या पायांनी उकरू लागली. एक पाय, मग दुसरा, मग पहिला. माती कडक लागली तेव्हा तिने अंगातलं पाणी सोडून ती भिजवली आणि पुन्हा सुरू. पायाच्या ओंजळीत माती उचलायची, बाजूला ठेवायची, पाय परत खाली. एकदाही मान वळवून मागे पाहिलं नाही. दीक्षा, ती कोटाच्या बटणाएवढी असल्यापासून काचेत आहे. तिने माती पाहिलेली नाही. आई पाहिलेली नाही. दुसरं कासव पाहिलेलं नाही. आणि तो खड्डा कुंभाराने आतून हात फिरवावा तसा गोल झाला होता, वर अरुंद, आत रुंद.

पहिलं अंडं आलं तेव्हा मी उठलो. हाक मारता येत नाही. स्वयंपाकघरात जाऊन राधाचं मनगट धरलं. ती माझ्या तोंडाकडे बघून समजली. मग आम्ही दोघे त्या फटीपाशी खाली बसलो, लहानपणी पत्र्याच्या भोकातून सिनेमा बघायचो तसे. अंडं पडलं की ती मागचा पाय आत घालायची आणि ते हळूच बाजूला सरकवायची, पुढच्याला जागा करून. प्रत्येक वेळी. राधाने डोळ्यांना पदर लावला होता. मग अगदी हळू म्हणाली की तिने इतकी बाळं जगात येताना पाहिली, डॉक्टर, दिवे, हत्यारं, धावपळ. एवढ्या शांतपणे, कोणाच्या मदतीशिवाय, कधी पाहिलं नव्हतं.

शेवटी बटणने माती परत ओढली. पायाने दाबली, कवचाने थोपटली, इतकी, की खड्डा कुठे होता ते आम्हाला ओळखू येईना. त्या अंड्यांत काही नाही हे तिला कोण सांगणार. आणि सांगून तिने काय कमी दाबलं असतं, असंही मला वाटत नाही. मग ती वळली आणि चालू लागली. त्या जागेकडे पुन्हा ढुंकूनही पाहिलं नाही.

काल एक्स-रे झाला, पोटात काही राहिलेलं नाही. डॉक्टर म्हणाली की दर वर्षी असं होऊ शकतं, मातीचा टब कायम ठेवा. अंडी काढून टाकायला राधाचा हात धजेना. मग आम्ही दोघांनी ती सोसायटीच्या बागेत कडुनिंबाखाली खोल पुरली. सुशीलाबाई गॅलरीतून बघत होत्या. काय पुरताय असं त्यांनी विचारलं, राधाने खरं ते सांगितलं, आणि त्या खाली उतरून आमच्याशेजारी उभ्या राहिल्या.

आज सकाळी बटणला पाण्यात सोडलं. पाणी अजून तसंच आहे, असून नसल्यासारखं. ती तळाशी गेली, थोडा वेळ पडून राहिली, वर येऊन नाक बाहेर काढलं, श्वास घेतला. मग राधाने तिला जेवणाच्या टबात ठेवून पालकाचं एक पान सोडलं, आणि तिने ते संपूर्ण खाल्लं. आम्ही दुसरं दिलं.

मी एवढ्यात नागपूरला जात नाही. शालूलाच इकडे बोलावलं आहे, सूक्ष्मदर्शक घेऊन ये म्हणून कळवलं आहे. तुझ्या आईला तो स्पंज आतून बघायचा आहे.

अभ्यास कर, वेळेवर जेव. मामाची आठवण राहू दे.
तुझा,
भीमरावमामा