बांधालगतचा एक एकर

मी, वय वर्षे एकाहत्तर, खासगी वनमालक संघाची माजी अध्यक्ष, डॉक्टरांनी तपासून माझं डोकं ठिकाणावर असल्याचा दाखला दिल्यावर, कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहिते. दडपणाखाली मी एकदाच सही केली. ती गोष्ट कलम तीनमध्ये येईल.

१. राहतं घर, बँकेतली ठेव आणि गाडी माझ्या एकुलत्या एका मुलाला. मी तापाने पडले असताना त्याने लाकडाच्या व्यापाऱ्याला वनात नेलं आणि झाडांचे घेर मोजायला मलाच विचारलं, "आई, तुझी टेप कुठे आहे?" ती टेपही त्यालाच.

२. टायरच्या दुकानावरच्या संघाच्या कार्यालयात माझं काचेचं सन्मानचिन्ह आहे. तिथलं दार वाऱ्याने सारखं आपटतं. ते चिन्ह दाराला टेकवून ठेवावं, काहीतरी कामाला येईल.

३. वन. वडिलांनी नऊ एकर वाटले: मला पाच, धाकट्या भावाला चार. त्यांच्या आजारपणात मी त्यांचं केलं, म्हणून बांधालगतचा एक एकर मला जास्त. धाकट्याने तेव्हा ते मान्य केलं. स्वतः लावलेलं झाड तोडायलाही परवानगी लागायची, म्हणून पुढे आम्ही संघ काढला. कायदा बदलावा म्हणून एकोणीस वर्षं मी विधिमंडळाचे जिने झिजवले. निवेदनांचे गठ्ठे धाकट्याच्या खांद्यावर असायचे. सह्यांसाठी दारोदार तोच हिंडला.

शेवटी विधिमंडळाच्या समितीच्या अध्यक्षांनी जेवणाच्या सुट्टीत मला बाजूला घेतलं. दात कोरत म्हणाले, "परवानगीतून सूट फक्त सलग पाच एकरवाल्यांना, एवढी अट मान्य करा, बाई. आजच मंजूर करून देतो. नाहीतर या आणखी एकोणीस वर्षं." संघातले निम्म्याहून जास्त सभासद पाच एकरांच्या आतले. मी कोणालाही विचारलं नाही. माझे पाच भरत होते. मसुद्यावर सही केली.

सत्काराला धाकटा शेवटच्या रांगेत बसला होता. जाताना म्हणाला, "ताई, तुझ्या कायद्याची हद्द आपल्या बांधावर संपते." तेव्हापासून आमचं बोलणं नाही. वादळात त्याच्या दारात झाड आडवं पडलं. उचलायची परवानगी येईपर्यंत ते जागच्या जागी कुजलं, आणि मी बांधावरून बघत होते. अट काढा म्हणून मी अकरा अर्ज केले. समितीचा प्रत्येक नवा अध्यक्ष "बघू" म्हणाला आणि बघतच राहिला.

जिवंतपणी एक एकर का दिला नाही, असं कोणी विचारेल. विचारावंच. दिला असता तर माझेच चार उरले असते, आणि कायद्याबाहेरच्या बाईला संघाच्या खुर्चीत कोण बसवतं? खुर्ची सुटली नाही मला. त्याची लाज वाटते.

म्हणून बांधालगतचा तो एक एकर धाकट्या भावाला. त्याचे पाच होतील. उरलेले चार मुलाला. आता फांदी छाटायची तरी त्याला परवानगी लागेल. अर्जांचे नमुने माझ्या कपाटात आहेत, एकोणीस वर्षांचे. त्याने हरकत घेतली तर कलम एकमधलं घरही धाकट्याला जाईल.

४. धाकटा नको म्हणेल, भाऊ माझाच आहे. त्याला पुन्हा पुन्हा विचारावं. मोजणी त्याच्यासमोर व्हावी आणि बांधाचे दगड माझ्या मुलाने स्वतःच्या हाताने हलवावेत.

हे सगळं मी दोनदा वाचलं. एक शब्दही मागे घ्यायचा नाही. खाली सही करते.

स्थळ: माझ्या स्वयंपाकघरातलं टेबल
दिनांक: अकरा ऑगस्ट. कायदा झाला त्याला आज बारा वर्षं.

(सही)

साक्षीदार:

१. निवृत्त भूकरमापक. नऊ एकरांची वाटणी यांनीच मोजली होती. (सही)

२. संघाच्या टंकलेखिका. पाच एकरांची अट यांनीच टाइप केली. मध्येच हात थांबवून म्हणाल्या होत्या, "बाई, धाकट्या भावाचं काय?" मी म्हणाले होते, "पुढचं घ्या." (सही)