नमुना आधी शिकवणाऱ्याचा

१२ जून

नोकरी लागली, खोली मिळाली आणि खोलीला गरम पाण्याचा नळसुद्धा! शरीररचना शिकवणाऱ्या बाईला आणखी काय हवं? कॉलेज लहान आहे, नर्सिंगच्या पहिल्या वर्षाच्या जेमतेम वीसेक मुलामुलींचं. माझी खोली वरच्या मजल्यावर, आणि अंगणापलीकडे समोरच वर्ग. त्याच्या खिडक्या एवढ्या मोठ्या की पलंगावर बसून आतलं सगळं दिसतं. सकाळी मी खिडकीतूनच पलीकडच्या शिपाईमामांना चहा सांगितला आणि त्यांनी तो मुकाट्याने आणला. माझी धाकटी बहीण चिमणी म्हणते ते खोटं नाही. ताईला भोंगा लागत नाही.

सर, म्हणजे आमचे प्राचार्य, फार गोड बोलतात. वर्गाच्या दाराशी एक सांगाडा टांगलेला आहे. मुलं आत येताना त्याला 'नमस्कार बाई' म्हणतात. मी पोट धरधरून हसले. मुलं हसली नाहीत, नव्या बाईंसमोर लाजली असतील.

१५ जून

इथली एक पद्धत मला फार आवडली. धडा कुठलाही असो, नमुना आधी शिकवणाऱ्याचा. सर म्हणाले की परक्याचं पाहून पाठ होतं, आपल्या माणसाचं पाहून समजतं. आजचा धडा पेशींचा होता. मी गालाच्या आतून काडी फिरवली, काचेवर पुसली, वर निळ्या रंगाचा थेंब टाकला आणि मुलांनी सूक्ष्मदर्शकातून माझ्या पेशी पाहिल्या. चपट्या, कडा वेड्यावाकड्या, मधे केंद्रकाचा गडद ठिपका. पाहून झालं की प्रत्येकजण मला थँक्यू म्हणत होता. ऊर भरून आला.

आईबाबा गेल्यापासून चिमणीचं सगळं माझ्यावरच आहे. सरांनी आपणहून तिला फुकट प्रवेश देऊ केला, तेव्हा मी तिथल्या तिथे तिला पत्र लिहिलं. टपालात सरांनीच टाकलं.

२४ जून

आज ऊती. नमुना म्हणून दंडाच्या आतली नखाएवढी त्वचा. सरांनी सुई देऊन जागा बधिर केली, त्यामुळे काही कळलं नाही. वर आवरण ऊती, खाली संयोजी ऊती, थर अगदी पुस्तकातल्यासारखे दिसले. आता मात्र टाका ठणकतो आहे. वर्ग सुटल्यावर पुढच्या बाकावरच्या मुलीने विचारलं की बाई, तुमची हाडं दुखऱ्या जातीची तर नाहीत ना? आगाऊ कार्टी.

३ जुलै

हाडांचा धडा. मी सांगाड्याकडे छडी वळवली. सर म्हणाले, त्या बाईंचं झालं, आता तुमचं. मला थट्टा वाटली. मी हसत डाव्या हाताची करंगळी पुढे केली, घ्या म्हटलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

मुलं उठली. कोणीतरी दार लावलं. दोघांनी मनगट धरलं, दोघींनी खांदे. सुई दिली, पण ती भिनायच्या आत कात्री आली, हाड कापायची. ती करकर वाजते. करंगळी बशीत पडली. सरांनी तिच्यावरचं मांस खरवडलं, हाड उभं चिरलं आणि आतली अस्थिमज्जा दाखवली. पुढच्या बाकावरची मुलगी रडत होती, आणि रडत रडत आकृती काढत होती. मी किंचाळत होते. सर म्हणाले की बाई, जरा हळू, मागच्यांना माझं ऐकू येत नाही.

५ जुलै

खोलीला बाहेरून कुलूप. ओरडून पाहिलं. रस्ता लांब आहे.

पट्टी बदलायला वर्गात नेलं, तेव्हा सांगाडा नीट पाहिला. डाव्या हाताला करंगळी नाही. कापल्याची सरळ कड आहे. ह्या आधीच्या बाई.

चिमणीचं उत्तर आलं. सरांनीच वाचून दाखवलं. ती येते आहे, खूप खूश आहे. सर म्हणाले, एका रक्ताच्या दोघी, तुलनेच्या धड्याला उत्तम. माझं काहीही होवो, तिला थांबवायला हवं.

९ जुलै

स्नायू. टेबलाला बांधायच्या आत मी सांगाड्याचं मांडीचं हाड हिसकून काढलं— बाई, माफ करा— आणि शिपाईमामांच्या तोंडावर हाणलं. दात फरशीवर उडाले. सुरी उचलून सरांच्या गालात खुपसली. गाल फाटला, आतल्या दाढा दिसल्या. अंगणापर्यंत पोचले. मुलांनी केस धरून फरपटत परत आणलं, पायऱ्यांवर डोकं आपटत. एकानेही शिवी दिली नाही. बाई, सावकाश, म्हणत होती.

उजवी पोटरी कापली. सुई न देता. सर गालाला पट्टी लावून शिकवत होते. ताज्या स्नायूला बॅटरीची तार लावली की तो आखडतो. मी पाहिला. माझाच.

बोट दिलं की मनगट धरतात—

१३ जुलै

पाय टेकवत नाही. पण आवाज आहे. चिमणी अंगणात आली की खिडकीतून ओरडायचं, पळ. एवढंच. लहानपणापासून ती माझं ऐकते. आता ओरडत नाही, घसा जपते.

१४ जुलै

उद्या ज्ञानेंद्रियं. मी म्हटलं डोळा घ्या. दोन्ही घ्या—

सर म्हणाले, नको बाई. जीभ. पाहुण्या येणार आहेत ना.

१६ जुलै

रक्त— उशी सगळी—

तोंडावर मास्क बांधलाय. घट्ट.

१७ जुलै

आली. पिवळा ड्रेस, माझीच जुनी बॅग. ताई! म्हणून हाक मारली. मी गज धरून ओरडले. नुसतं आ— आ—

सर तिला काहीतरी सांगत होते. ताईचा घसा बसलाय, असंच असणार. ती हसली. हात हलवला.

तिला वर्गात नेलं. मुलं उठून उभी राहिली. चिमणी लाजतेय. सरांनी काडी दिली. तिने तोंड उघडलं—

मुलं टाळ्या वाजवतायत.

हे पान गजातून खाली टाकते. चिमणे, त्यांना काही देऊ नकोस, केससुद्धा नाही, फाटक उघडं आहे, पळ, वर येऊ नकोस, माझ्यासाठी थांबू न—