जाळी काढणारा कोण?

सोमवार, १२ मार्च

चि. सोन्यास,

तू खुशाल असशीलच. मीही तशी बरी आहे. गुडघा कुरकुरतो, चष्म्याचा नंबर पुन्हा वाढलाय, आणि मुद्रितं तपासून तपासून मान धरलीय. आशीर्वाद शेवटी लिहीन, तोपर्यंत द्यावासा वाटला तर.

एकाच छापखान्यात तू वरच्या मजल्यावर, मी खाली, मधे अठरा पायऱ्या, आणि तरी ताई पत्र लिहिते याचं तुला हसू येईल. पण मी केबिनमध्ये आले की तू फोन कानाला लावतोस. गेल्या आठवड्यात तीनदा लावलास. तिसऱ्यांदा तर पलीकडे कुणी नव्हतंच, घाईघाईत तू रिसीव्हर उलटा धरला होतास.

सकाळी फलकावर तुझी सूचना वाचली. 'दिनांक २१ फेब्रुवारी रोजी कटिंग विभागात दुर्घटना घडली. कामगाराचा हात पात्याखाली आला. यंत्राची जाळी कामगाराने काढल्याचे चौकशीत निष्पन्न झाले. निष्काळजीपणाबद्दल त्यास कामावरून काढण्याबाबत गुरुवारी अकरा वाजता अंतिम सुनावणी होईल.' ऱ्हस्वदीर्घाची एक चूक नाही. तीस वर्षांत या फलकावर इतकं शुद्ध मराठी लागलेलं मी पाहिलं नाही, आणि वाचून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

आठवतं का, अप्पा जेवताना वाक्यं सोडवायला द्यायचे? शाळेत दिवसभर व्याकरण शिकवून त्यांचं पोट भरत नसे. कर्ता सापडत नसेल तर क्रियापदाच्या धातूला 'णारा' लाव आणि 'कोण' विचार. मांजर दूध पिते. पिणारं कोण? मांजर. तू इतका लहान होतास की प्रत्येक वाक्याचं उत्तर 'मांजर' द्यायचास, आणि अप्पा हसता हसता ठसका लागून पाणी मागायचे.

आता तुझी सूचना सोडव. 'हात पात्याखाली आला.' येणारा कोण? हात. म्हणजे मामांचा हात सकाळी उठून, डबा घेऊन, एकटाच कामावर आला आणि स्वतःहून पात्याखाली जाऊन बसला. 'दुर्घटना घडली.' घडणारी कोण? दुर्घटना. तिला बिचारीला विचारायची सोय नाही. आणि 'निष्पन्न झाले' हे कुणी केलं, ते तर अप्पांनाही सापडलं नसतं.

ज्याला आपण सगळे मामा म्हणतो तो माणूस बावीस वर्षं त्या कटिंग मशीनवर उभा आहे. डोळे मिटून कागदाचा गठ्ठा चाचपून सांगतो, यात दोन ताव कमी आहेत. आता त्याच्या डाव्या हाताला दोन बोटं कमी आहेत. वर त्याला कामावरून काढायचं, तेही निष्काळजी म्हणून. जो माणूस रोज सुट्टीआधी पातं पुसून मगच हात धुतो, तो निष्काळजी. लिहिताना तुझं पेन अडलं कसं नाही?

जाळी असली की हात पात्यापर्यंत जात नाही, आणि गठ्ठाही हळू सरकतो. शुक्रवारी शाळेची पुस्तकं बाहेर पडायची होती. बुधवारी तू खाली आलास, मशीनपाशी थांबलास आणि मामांना म्हणालास, "जाळी काढा, दोन दिवसांचा तर प्रश्न आहे." मामा नको म्हणाले. तू पुन्हा म्हणालास. माझी काचेची खोली तिथून दहा पावलांवर आहे. मी ऐकलं.

चहा आला होता, म्हणून उठले. चहा प्यायले आणि पुन्हा बसले, पण आता जे लिहायचं ते चहाने सोपं झालेलं नाही. तुझ्यावर इतकं तोंडसुख घेतलं, त्याचं एक कारण असं आहे की मला दुसरं एक वाक्य लिहायचं टाळायचं होतं.

मामांनी दवाखान्यात जबाब सांगितला आणि त्यांच्या मुलीने तो वहीच्या पानावर उतरवला. तू तो माझ्याकडे आणलास. म्हणालास, "ताई, फक्त भाषा नीट कर." मग चौथ्या वाक्यावर पेनाचं टोक ठेवून म्हणालास, "हे जरा बोलीतलं वाटतं." एवढंच. बाकीचं तू माझ्यावर सोडलंस, कारण तुला मी ठाऊक आहे.

चौथं वाक्य होतं, 'मॅनेजरसाहेबांनी मला जाळी काढायला लावली.' त्यात बोली काही नव्हतं. शहाण्यासुरत्या माणसाचं धडधडीत वाक्य होतं. काढणारा मामा, लावणारा तू. मी लाल पेन्सिल घेतली आणि लिहिलं, 'कामाच्या सोयीसाठी जाळी काढण्यात आली होती.' लावणारा गेला. 'लावली' हे क्रियापदच गेलं, त्यामुळे 'लावणारा कोण' हे विचारायची जागाही उरली नाही. चौकशी करणाऱ्यांनी मग राहिलेल्या वाक्याला तेवढाच प्रश्न विचारला, काढणारा कोण? मशीनवर कोण होतं? मामा.

टाइप केलेली प्रत घेऊन मीच दवाखान्यात गेले होते. मुलगी वाचून दाखवते म्हणाली, तर मामा म्हणाले, "ताईंनी बघितलंय ना? मग बरोबरच असणार." आणि उजव्या हाताने सही केली. मी त्यांच्यासमोर बसून होते; सही झाल्यावर कागद उचलला, घडी घातली आणि पिशवीत ठेवला. त्या दिवसापासून मला माझीच चीड येते. ती तुझ्यावरच्या रागाहून कमी नाही.

हे मी पहिल्यांदा केलं असतं तर एक वेळ चाललं असतं. अप्पांची शाईची दौत आठवते? तू खाली मान घालून म्हणालास, दौत फुटली. अप्पांनी विचारलं, फोडणारा कोण? तुझी हनुवटी थरथरायला लागली, ती मला बघवेना, म्हणून मी म्हटलं, मी फोडली. महिनाभर अप्पांनी मला टाक हातात घेऊ दिला नाही. तेव्हा तुझ्या वाक्यात मी खोटा कर्ता घातला आणि आता खरा काढून टाकला. दोन्ही वेळा मला वाटलं की हीच माया.

वहीचं ते पान माझ्याकडे आहे. काम पूर्ण झाल्याशिवाय मूळ प्रत टाकायची नाही, ही आमच्या धंद्यातली पहिली शिस्त, आणि हे काम पूर्ण झालेलं नाही. गुरुवारी अकरा वाजता मी ते पान सगळ्यांसमोर ठेवणार आणि म्हणणार, चौथं वाक्य मी बदललं. आणि तू जाळी काढायला सांगितलीस ते ऐकलं, हेही सांगणार. नोकरी जाईल हे मला कळतं. मामांची राहिली म्हणजे झालं.

तीन दिवस आधी तुला कळवतेय ते गयावया करायला वेळ मिळावा म्हणून नाही. घरी येऊ नकोस, मी दार उघडेन आणि मग माझं काही खरं नाही. खाली एक वाक्य लिहिलंय. गुरुवारी माझ्या आधी उभा राहा आणि गाळलेली जागा भर.

'________ जाळी काढायला लावली.'

मॅनेजरसाहेब लिहिलंस तर 'नी' लावावा लागेल. 'मी' लिहिलंस तर काहीच लावावं लागत नाही. अप्पांनी हे शिकवलं तेव्हा तू जागा होतास, मला पक्कं आठवतंय.

आशीर्वाद तयार ठेवलाय. गुरुवारी देते.

तुझी,
ती दौत न फोडलेली
ताई